चेन नसलेली सायकल

"भाऊजी, मला अशी सायकल दाखवा, की तिच्याकडे कुणाला ढुंकूनही बघावं लागणार नाही."

दुकानदारानं हातातला पाना खाली ठेवला. त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. आजारी सायकल दारात आली की चाक फिरवून, कान लावून तो रोग सांगायचा, म्हणून डॉक्टर. आणि समोर उभी होती त्याच्या जिवलग मित्राची बायको. मित्र जाऊन वर्ष होत आलं होतं, पण डॉक्टर तिला अजून वहिनीच म्हणायचा आणि तिच्या डोळ्याला डोळा द्यायचं टाळायचा.

"वहिनी, सायकल म्हणजे काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे, टांगलं आणि विसरलं? थोडं तरी बघावं लागतंच."

"थोडं म्हणजे काय?"

"चेन पुसायची, तेल द्यायचं. आता हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे जरा जास्तच..."

"चेन नको."

"अं?"

"चेनच नको. काय करायचं ते करा."

डॉक्टर हसला. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. त्यानं स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाला, "बसा आधी. काय झालंय?"

आता काय झालं होतं ते सांगायचं तर मागे जावं लागेल.

ही बाई मोठ्या इस्पितळात कामाला होती. ऑपरेशनची हत्यारं धुण्याची जी खोली असते ना, तिथे. कात्र्या, चिमटे, सुऱ्या दिवसभर घासायच्या, भिंगाखाली धरून बघायच्या, वाफेत घालायच्या, पुडकी बांधायची. इस्पितळात तिला सगळे 'हत्यारवाली' म्हणत. इस्पितळ नदीपलीकडे. तिची कामाची पाळी इतक्या लवकर सुरू व्हायची की तेव्हा बसचा ड्रायव्हर अंथरुणात असायचा. म्हणून सायकल. उन्हाळा असो, बर्फ पडो, पूल ओलांडायचा आणि पलीकडचा तो वाऱ्याचा लांबलचक रस्ता कापायचा.

पण घरी आल्यावर सायकलला हात लावेल तर शपथ. "दिवसभर घासून घासून माझ्या बोटांची सालं निघतात," ती म्हणायची, "आता घरी येऊन ही घसघस कोण करणार? मी? मुळीच नाही."

मग कोण करणार? नवरा. तो शाळेत भूगोल शिकवायचा, पण जीव सगळा सायकलीत. संध्याकाळी दोघांच्या सायकली बोळात यायच्या. बोळ म्हणजे बाहेरचं दार आणि स्वयंपाकघर यांच्यामधली चिंचोळी जागा. तिथे एका खिळ्यावर फडकं, कोपऱ्यात पंप, भिंतीला हात धुवायचं छोटं बेसिन. आधी हिची सायकल पुसायची, मग स्वतःची. पॅडल उलटं फिरवून चेनचा आवाज ऐकायचा. मग हात धुवायचे. आणि मग स्वयंपाकघरात येऊन आईसमोर दोन्ही हात उलटेपालटे करून दाखवायचे. चाळिशी उलटलेला बाप्या, पण सासूबाई "हात दाखव" म्हटल्याशिवाय त्याच्यापुढे कप सरकवत नसत. तेलाचा काळा डाग दिसला की परत बेसिनकडे पिटाळायच्या. तोवर घरात कुणी चहा प्यायचा नाही. हा त्या घरातला कायदाच होता.

तोंडानं मात्र माणूस अगदीच कंजूष. लग्न झाल्यापासून एकदा तरी 'बरी दिसतेस' म्हणाला असेल तर विचारा! नवी साडी नेसा, केस कापा, याला पत्ता नाही. पण "तुझा मागचा ब्रेक झिजलाय" हे बरोब्बर कळायचं. बायको, म्हणजे सासूबाईंची सून, यावरून त्याला पुष्कळ टोचून बोलायची. तो नुसता हसायचा आणि ब्रेक बदलायचा.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती वैतागून घरी आली. सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "ही चेन सारखी करकरतेय. डोकं उठलं माझं."

त्यानं पॅडल उलटं फिरवलं. कर्र.. कट. कर्र.. कट. "कडी वाकलीय एक," तो म्हणाला. "डॉक्टरकडून आत्ता आणतो. तुम्ही चहा गाळून ठेवा."

"अरे, उद्या आण की! पळून जातेय का कडी?"

"उद्या पहाटे तुला जायचंय ना," असं म्हणून त्यानं स्वतःची सायकल काढली. गळपट्टासुद्धा नीट गुंडाळला नाही. पुलाच्या अलीकडे जे उताराचं वळण आहे तिथे गोठलेलं पाणी होतं, अंधारात दिसत नाही तसलं. तो दुकानात पोचलाच नाही. टेबलावरच्या चहावर साय धरली तरी दोघी बायका वाट बघत बसल्या होत्या.

त्यानंतर बर्फ वितळला, उन्हाळा आला, गेला. सून कामावर जात होती, सासूबाई घर सांभाळत होत्या, दोघी एकमेकींना जपून बोलत होत्या. डॉक्टरनं तिच्या सायकलला कडी घालून दिली होती. सगळं कसंबसं मार्गी लागलं होतं, आणि मग पुन्हा थंडी पडली. गाड्यांनी रस्त्यावर पहिलं मीठ टाकलं. त्या संध्याकाळी सून चिखलानं आणि मिठानं माखलेली सायकल घेऊन आली, ती तशीच बोळात टेकवली, ऊब जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लावलं आणि बूट काढत बसली. सासूबाई चहा गाळत होत्या.

आणि बोळातून फडक्याचा आवाज आला.

सुर्रर्र, सुर्रर्र. चेन फडक्यात धरून पॅडल उलटं फिरवलं की येतो तो. दोघींनी कान टवकारले. मधेच थांबला, फडकं झटकल्यासारखं झालं, पुन्हा सुरू. दाराच्या फटीतून तेलाचा वास आत आला.

एक बूट पायात, एक हातात, अशी सून तशीच बसून राहिली. सासूबाईंनी मात्र शांतपणे फळीवरून तिसरा कप काढला.

"आला," त्या म्हणाल्या.

मग ते रोजचंच झालं. दार उघडून बघितलं तर कुणी नसायचं, आवाज तेवढा थांबायचा आणि सासूबाई रागवायच्या, "कशाला उघडलंस ग? काम करतोय ना तो!" दार बंद ठेवलं की सगळं ऐकू यायचं. आणि नंतर पाहावं तर चेन स्वच्छ. माणूस कशालाही सरावतो बघा. आठवडाभरात सुनेची भीती गेली आणि तिला राग येऊ लागला. मेल्यावरसुद्धा आला तो चेनीसाठी! माझ्या उशाशी एकदा बसला असतास, माझ्या नावानं एक हाक मारली असतीस, तर काय बिघडलं असतं? रात्री ती उशीत तोंड खुपसून हेच पुटपुटायची आणि रडायची.

पण खरा घोर पुढेच होता. रोज पुसून झालं की तो पॅडल उलटं फिरवायचा आणि आवाज ऐकायचा. मीठ खाल्लेली चेन, ती करकरणारच. कर्र. मग सगळं चिडीचूप. आणि मग बाहेरच्या दाराची कडी वाजायची. तो निघाला. डॉक्टरकडे, नवी कडी आणायला. रोज.

"चहा न घेता गेला ग पुन्हा," सासूबाई तिसऱ्या कपाकडे बघत म्हणायच्या. त्यांचं स्वतःचं खाणंपिणं तुटत चाललं होतं. गालफडं बसली होती.

आणि एका संध्याकाळी, सून वरच्या खोलीत कपडे बदलत असताना, त्या कप घेऊन त्याच्या मागे गेल्या. अंगात घरातला स्वेटर, पायात सपाता. शेजारच्या काकू दुकानातून येत होत्या म्हणून बरं. त्यांना सासूबाई पुलाच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध उभ्या दिसल्या. पाय निळे पडलेले, हातात कप गच्च धरलेला. काकूंनी त्यांना जवळजवळ उचलून घरी आणलं.

"वळणापर्यंत होता तो माझ्यापुढे," गरम पाण्यात पाय सोडून बसल्यावर त्या सुनेला म्हणाल्या. "पुढे दिसेना. उद्या जरा लवकर निघायला हवं."

उद्या! हिला अडवलं नाही तर ही त्याच वळणावर जाणार, हे सुनेला लख्ख दिसलं.

मग काय काय करून पाहिलं नाही तिनं? बाहेरच्या दाराला कुलूप घातलं, तर सासूबाई मागच्या दारानं निघाल्या, अंगणात पडल्या, गुडघा फोडून घेतला. सायकल शेजारच्या काकूंकडे ठेवून पाहिली. त्या संध्याकाळी बोळात पुसण्याचा आवाजच झाला नाही, बाहेरची कडी तेवढी लगेच वाजली, आणि सासूबाईंना धरून ठेवता ठेवता तिच्या नाकी नऊ आले. नवी कोरी चेन बसवून आणली. दोन दिवस बरे गेले, म्हणजे तो आला, पुसलं, पण समोर चेन असल्यावर आपलं काम संपलं असं काही त्याला वाटेना, तो पॅडल फिरवून कान देतच राहिला. कधी गेला ते कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी मात्र नवी चेन जुनीइतकीच करकरली आणि बाहेरच्या दाराची कडी वाजली.

इतक्या लवकर कशी गंजली? याचा उलगडा रविवारी दुपारी झाला. सून बोळात आली तर सासूबाई सायकलपाशी उकिडव्या बसलेल्या. शेजारी स्वयंपाकघरातली मिठाची बरणी. वाटीत मीठ कालवून त्या बोटांनी ते चेनीच्या एकेका कडीला चोळत होत्या, मन लावून.

"आई! हे काय चालवलंयत?"

सासूबाई दचकल्यासुद्धा नाहीत. "काम नसेल तर तो कशाला येईल ग?" त्या म्हणाल्या.

सून तिथेच भिंतीला टेकली. ओरडावं की त्यांना मिठी मारावी हेच तिला कळेना. शेवटी तिनं वाटी काढून घेतली, त्यांची बोटं कोमट पाण्यानं धुतली, आणि कोट चढवून त्याच सायकलवर तडक डॉक्टरचं दुकान गाठलं.

हे सगळं तिनं त्याला सांगितलं. काही झाकून ठेवलं नाही. आपल्याला वेड लागलंय असं तो म्हणेल, याची तिची तयारी होती. डॉक्टरनं उठून टेबलाचा खण उघडला आणि कागदात गुंडाळलेली एक छोटी वस्तू काढली. चेनची जोडकडी.

"निघताना त्यानं फोन केला होता. काढून ठेव म्हणाला," डॉक्टरचा आवाज चिरकला. "वहिनी, मी अजून त्या वेळेला शटर ओढत नाही. सगळी गल्ली बंद होते, मी आपला बसून. बायको विचारते, कुणाची वाट बघता? काय सांगू तिला?"

मग डॉक्टरनं तोंडावरून हात फिरवला आणि तो कामाला लागला. कामाला लागला की तो शुद्धीवर यायचा.

पहिली सायकल त्यानं काढली ती एकाच गिअरची, साधी, चेनवर पत्र्याचं झाकण. "हिला मीठ लागतच नाही. चेन आत झाकलेली."

"पण आहे ना आत?"

"आहे, पण दिसत नाही."

"त्याला दिसेल," सून म्हणाली.

डॉक्टरनं ती मुकाट्यानं परत ठेवली. दुसरी जाड टायरची, डोंगरात चालवायची. हिनं उचलून पाहिली आणि नाक मुरडलं. "ही घेऊन वाऱ्यात तो रस्ता कापायचा म्हणजे म्हैस ढकलल्यासारखं. मला माझ्या हँडलसारखंच हवं, खाली वळलेलं. वारा आला की वाकता येतं."

"फारच नखरे बुवा तुमचे," डॉक्टर म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी दोघं एकदम हसली.

मग तो मागच्या खोलीत गेला आणि एक राखाडी सायकल घेऊन आला. हँडल खाली वळलेलं, अंगानं सडपातळ, लांब मडगार्ड. चेनच्या जागी काळा, दातेरी रबरी पट्टा. "बेल्ट आहे हा. याला तेल लागत नाही, गंज चढत नाही. चिखल झाला तर पाण्याची बादली ओतायची, संपलं. गिअर सगळे मागच्या चाकाच्या पोटात बंद. ब्रेक डिस्कचे, नळीतल्या द्रवाच्या दाबावर चालणारे, वायर नाही, त्यामुळे गोठायची भानगड नाही. दिवा चाक फिरलं की आपोआप लागतो. आणि टायर इतके चिवट आहेत की खिळ्यानंसुद्धा दोनदा विचार करावा."

सून खाली बसली. पॅडल उलटं फिरवलं. कान जवळ नेला. काही नाही. पुन्हा फिरवलं. खरंच काही नाही.

"म्हणजे हिचं काहीच करावं लागत नाही?"

"हवा तेवढी भरावी लागेल. हवेला अजून कुणी उपाय काढलेला नाही."

"हवा मी भरीन," ती म्हणाली.

डॉक्टरनं सीटची उंची जुळवून दिली. पाना फिरवता फिरवता, मान वर न करता त्यानं विचारलं, "वहिनी, नक्की ना? याच्यानं तो यायचा थांबला तर? चालेल तुम्हाला?"

चालणार नव्हतंच तिला. रोज घराकडे वळताना तिचे पाय आपोआप जोरात फिरत होते ते कशासाठी, हे तिचं तिला ठाऊक होतं. "मला आई जिवंत हवी आहे, भाऊजी," ती म्हणाली आणि सायकल घेऊन बाहेर पडली. जुनी तिथेच सोडली.

पूल ओलांडून ती घरी आली. रस्ता ओला, कडेला मिठाचे ढीग, वळणावर ती उतरली आणि चालत गेली, नेहमीसारखी. सायकल इतकी गप्प होती की तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मुद्दाम तिनं एक दोन डबक्यांतून चाकं घातली. माखू दे. काय करतोस बघू.

बोळात सायकल टेकवली, दार लावलं. सासूबाईंनी पट्ट्याकडे पाहिलं होतं. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी चहाचं आधण ठेवलं, आणि सुनेला त्यांच्याकडे बघवेना. तिसरा कप त्यांनी तरीही काढला.

बोळात तो आला. कसं कळतं ते सांगता येत नाही, पण कळतं. फडकं खिळ्यावरून निघाल्याचा आवाज झाला. मग थांबला. बराच वेळ काही नाही. मग पॅडल उलटं फिरल्याची अगदी बारीकशी सळसळ. पुन्हा एकदा. पुन्हा. तो शोधत होता. सुनेला ते ऐकवेना. आपण काय करून बसलो हे? त्याच्या हातातलं एवढं एक काम होतं, तेही काढून घेतलं.

तिनं सासूबाईंचा हात घट्ट धरला. आता कडी वाजेल, किंवा काहीच वाजणार नाही, यापलीकडे तिनं विचारच केला नव्हता.

कडी वाजली नाही. बेसिनचा नळ सुटला.

पाणी पडत राहिलं. साबणाचा वास आला. सासूबाईंची पाठ ताठ झाली.

"हात धुतोय," त्या कुजबुजल्या.

आणि मग सुनेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि ती हादरलीच. काम नसेल तर तो येणार नाही, असा सगळा हिशेब करून तिनं सायकल आणली होती. पण या घरात काम संपलं की माणूस कुठे जातो? चहाला येतो! इतकी वर्षं हेच चाललं होतं, आणि नेमकं हेच तिच्या लक्षात आलं नव्हतं.

दाराची मूठ फिरली. दार उघडलं. बोळातली थंडी टेबलाखालून पायांवर आली. सुनेनं नजर टेबलावरच रोवली. वर बघितलं तर तो नाहीसा होईल, आणि नाही झाला तर... तिची छाती होईना. समोरची खुर्ची मागे सरकली.

"हात दाखव," सासूबाई म्हणाल्या. रोजच्या आवाजात, जरबेनं.

टेबलाच्या कडेवर दोन हात आले. तेवढेच तिला दिसले. डाव्या अंगठ्यावरचा तो कापल्याचा व्रण. हात उलटे झाले, पालटे झाले. स्वच्छ. नखांतसुद्धा काळी रेघ नाही. हिवाळ्यात असे स्वच्छ हात त्याचे तिनं कधी पाहिलेच नव्हते. सासूबाईंनी ते आपल्या हातांत घेतले.

"किती गार रे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "घे. घे आधी."

कप पुढे सरकला. हातांनी तो धरला. आता नाही बोललं तर कधीच नाही, हे सुनेला पक्कं ठाऊक होतं. टेबलाकडे बघतच ती म्हणाली, "चेन नाही आता. करकर नाही. काही आणायचं राहिलेलं नाही. कुठे जायचं नाहीये तुला." मग हलकेच म्हणाली, "मला कळलं असतं तर मी बोललेच नसते रे त्या दिवशी."

कुणी उत्तर दिलं नाही. त्यानं आयुष्यात कधी नीट उत्तर दिलं होतं म्हणा! कप टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. रिकाम्या कपाचा. खुर्ची मागे सरकली.

सासूबाई उठतील म्हणून सुनेनं त्यांच्या दंडाला हात घातला. पण त्या उठल्या नाहीत. त्या रिकाम्या कपाकडे बघत बसल्या होत्या. "घेतला," त्या म्हणाल्या. "आज घेऊन निघाला."

बोळात पावलं थांबली. टायर अंगठ्यानं दाबून बघतात तसं काहीतरी झालं. मग कोपऱ्यातून पंप उचलल्याचा आवाज, आणि मग हवा. फुस्स, फुस्स, फुस्स, अगदी सावकाश. आधी एक चाक, मग दुसरं. सून दोन्ही हात तोंडावर दाबून रडत होती. हवा मी भरीन, असं ती दुकानात म्हणाली होती. तेवढंही त्यानं तिच्यावर ठेवलं नाही.

मग बाहेरची कडी वाजली. त्यानंतर तो आला नाही.

सासूबाई हळूहळू खाऊ लागल्या. गुडघ्याची खपली पडली. तिसरा कप फळीवर गेला. डॉक्टर वेळेवर शटर ओढायला लागला. त्याची बायको त्यामुळे उलट काळजीत पडली म्हणे. सगळ्यांचं बरं चाललं होतं, एक सून सोडून. तिची सायकल मिठातून, चिखलातून जायची आणि ती बोळात तशीच माखलेली उभी राहायची. बेल्ट काही मागत नव्हता. ब्रेक काही मागत नव्हते. संध्याकाळी दार लावून ती कान देऊन बसायची आणि आधणाशिवाय काही ऐकू यायचं नाही.

पंपाला तिनं हात लावला नाही. आठवडे गेले, टायर मऊ पडायला लागले, पुलाच्या चढावर सायकल जड जायला लागली. दुकानावरून जाताना डॉक्टरनं पाहिलं. "वहिनी, थांबा, हवा पार बसलीय. भरून देतो."

"हात लावू नका!" ती एवढ्या जोरात म्हणाली की डॉक्टर दोन पावलं मागे सरला. नंतर तिला वाईट वाटलं. पण टायरमधली हवा त्याची होती. तिच्यासाठी त्यानं मागे ठेवलेलं तेवढंच होतं, आणि ती ते वाचवत होती.

एका संध्याकाळी वळणावर मागचं चाक सरकलं. ती पडली नाही, कठड्याला धरून उभी राहिली, पण चांगलीच हबकली. घरी आली तेव्हा चेहरा पांढराफटक. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, बोळात जाऊन टायर दाबून पाहिला, आणि पंप घेऊन आल्या.

"भर," त्या म्हणाल्या.

"नको आई."

"भर म्हणते ना. एक गेला त्या वळणावर. मी निघाले होते. आता तू?"

"पण त्याची आहे हो आत," सून म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. लहान मुलीसारखी ती बोळातल्या फरशीवर बसली. "त्यानं भरलीय ती."

सासूबाई गुडघा सांभाळत तिच्याशेजारी बसल्या. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि पंपाची नळी टायरला लावली.

"वेडी ग वेडी. ती जातेय कुठे? ती राहील आतच. तू वरून आपली भर."

सून डोळे पुसून उठली, पंपावर दोन्ही हात ठेवले आणि दाब दिला. आवाज अगदी तसाच आला.